रूममेट वीकेंडला कोक (कोकेन) घेतो, घरात टेस्ट स्ट्रिप आणून ठेवली तर पुरेल का?

तू जे विचारलंयस ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही गफलत होत असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही चार मुलं कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरेत एका बेसमेंटमध्ये राहता, त्यातला एक महिन्यातून दोनतीनदा शनिवारी कोक घेतो, आणि मागच्या महिन्यात त्याच्याच ओळखीतला एक जण पार्टीत निळा पडला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुणालाच काही सुचलं नाही. तो वाचला. आता तुझे तीन प्रश्न आहेत, पावडरमध्ये फेंटानिल हे जीवघेणं ड्रग मिसळलंय का ते दाखवणाऱ्या टेस्ट स्ट्रिप घरात ठेवल्या तर पुरेल का, 911 ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन केला तर कुणाचा व्हिसा अडचणीत येईल का, आणि त्याच्या घरी साताऱ्याला कळवावं का.

मी इथे ब्रिटिश कोलंबियात 14 वर्षं फार्मसिस्ट आहे, त्यातली बरीचशी मेथाडोन आणि सबोक्सोन ही अफूसारख्या ड्रग्जच्या व्यसनावरची औषधं देणाऱ्या दुकानांत गेली, त्यामुळे ड्रग्ज घेणारी माणसं माझ्यासाठी पेपरातली बातमी नाहीत, रोज सकाळी काउंटरवर येऊन "कशी आहेस" विचारणारी माणसं आहेत. त्यातली काही आता येत नाहीत. म्हणून उत्तर लांबणार आहे, पण सगळं वाच.

पहिली गोष्ट, स्ट्रिप हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. तुझा खरा प्रश्न असा आहे की पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, मग एखाद्या रात्री चूक झालीच तर त्या खोलीत कोण असेल आणि त्याला काय येत असेल. माझं सगळं उत्तर याच्याभोवती आहे.

हे "माहीत नसतं" म्हणजे काय ते जरा समजून घे. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारू पिऊन 100 हून जास्त माणसं गेली, तुला कदाचित घरच्यांकडून ऐकून आठवत असेल. दारूत मिथेनॉल होतं, आणि पिणाऱ्याला ते चवीवरून ओळखता येण्यासारखं नव्हतं, ती माणसं रोजच्या गुत्त्यावर रोजचीच दारू प्यायली होती. इथे तेच चाललंय, फक्त एका रात्रीत संपलेलं नाही, वर्षानुवर्षं चालू आहे. बीसी, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने 14 एप्रिल 2016 ला याबद्दल आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि त्यानंतरही आकडे चढतच गेले, एकट्या 2023 मध्ये या एका प्रांतात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, त्यानंतर थोडे कमी झालेत. कारण मुख्यतः फेंटानिल. ते ओपिऑइड आहे, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, हेरॉइनच्या साधारण 50 पट जोरदार, म्हणजे मिठाच्या चारदोन कणांएवढं सुद्धा सवय नसलेल्या माणसाला मारायला पुरतं, आणि ते मिसळणारा माणूस काही लॅबमध्ये बसलेला नसतो, कुठल्यातरी किचनमध्ये मिक्सरवर काम चाललेलं असतं. आपल्या चिवड्यासारखं बघ, एका मुठीत सात दाणे येतात आणि दुसऱ्या मुठीत एकही नाही, डबा तोच. म्हणून "आम्ही दोघांनी एकाच पुडीतलं घेतलं, मला काही झालं नाही" या वाक्याला काही अर्थ नाही, हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय आणि बोलणारा दर वेळी मनापासून गोंधळलेला असतो.

आता कोकबद्दल खरं सांगते, उगाच घाबरवणार नाही. इथे ड्रग चेकिंगला, म्हणजे माल तपासून देणाऱ्या केंद्रांवर, येणाऱ्या कोकच्या बहुतेक नमुन्यांत फेंटानिल सापडत नाही. रस्त्यावर "डाउन" म्हणून जी ओपिऑइडची पावडर विकतात त्यात ते जवळजवळ गृहीतच धरायचं, पण कोकमध्ये ते कधीमधी येतं, एकाच वजनकाट्यावर दोन्ही मोजल्यामुळे, पिशव्यांची अदलाबदल झाल्यामुळे, किंवा दुसरं काही. मग तुला वाटेल की धोका कमी आहे. शक्यता कमी आहे हे बरोबर, पण ज्याला रोज ओपिऑइड लागतं त्याच्या शरीराला थोडीतरी सवय असते, तुझ्या रूममेटच्या शरीराला शून्य सवय आहे, म्हणजे जे त्या माणसाला जेमतेम जाणवेल ते याचा श्वास बंद करेल. आणि गोळ्या असतील तर तो हिशोब वेगळाच, रस्त्यावर मिळणारी झॅनॅक्स ही चिंतेवरची गोळी, पर्कोसेट, ऑक्सी या दुखण्यावरच्या गोळ्या, ही सगळी बनावट असते असंच समजायचं, शिक्का आणि रंग हुबेहूब असतो, मला फार्मसिस्ट असून हातात घेऊन फरक सांगता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. एकटं असणं.

बीसीतले हे मृत्यू होतात कुठे तर दर 5 मधले साधारण 4 मृत्यू चार भिंतींच्या आत, घरात, भाड्याच्या खोलीत, हॉटेलच्या रूममध्ये. मेलेल्यांत पुरुष साधारण तीन चतुर्थांश. लोकांच्या डोक्यात व्हँकुव्हरच्या ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावरच्या, उघड्यावर ड्रग्ज घेतल्या जाणाऱ्या फुटपाथचं चित्र असतं, पण फुटपाथवर निदान कुणीतरी बघत असतं, ओव्हरडोस उतरवायच्या औषधाची किट हातात घेऊन धावत येतं. बेसमेंटमधल्या मुलाचं दार आतून बंद असतं. आणि आपल्या मुलांत दार बंद करायचं कारण लाज असते, घरमालक देशी, वरच्या मजल्यावर काकू, कुणाला कळू नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन घ्यायचं. मला आलेला सगळ्यात वाईट अनुभव हाच आहे. एक मुलगा, नाव गाव काही सांगत नाही, त्याच्या खोलीतून रात्रभर घोरण्याचा आवाज येत होता, बाहेर तीन मित्र गेम खेळत होते आणि म्हणाले दमलाय, झोपू दे. सकाळी आवाज थांबलेला होता. त्यातला एक मित्र नंतर माझ्याकडे किट न्यायला आला आणि काउंटरवर हात ठेवून नुसता उभा राहिला, त्याला एकच विचारायचं होतं, ते घोरणं होतं का. ते घोरणं नव्हतं. ओपिऑइडने जीभ आणि घसा सैल पडतो आणि हवा अडकत अडकत जाते, त्याचा तो खोल, गुरगुरणारा, ओलसर आवाज असतो. एरवी न घोरणारा माणूस काहीतरी घेऊन असा घोरत असेल तर उठव. उठला तर चिडेल, चिडू दे.

म्हणून तुमच्या घरात एक नियम कर, भांडून नको, जेवताना सहज बोलून. घ्यायचंच असेल तर दार उघडं, घरात कुणीतरी शुद्धीवर असलेलं, आणि दोघं घेत असतील तर एकाच वेळी नाही, एकाने घेतल्यावर दुसऱ्याने थांबायचं. आधी अगदी थोडं घेऊन वाट बघायची. दारू बरोबर नाही, हे कुणी ऐकत नाही मला माहीत आहे, पण दारूवर फेंटानिल पडलं की दोन्ही मिळून श्वास दाबतात. एकटाच असेल आणि दुसरं कुणी नसेलच तर फोन चालू ठेवून मित्राशी बोलत राहायचं, ज्याला पत्ता आणि बझर कोड माहीत आहे.

आता श्वासाबद्दल, कारण माणूस मरतो तो ऑक्सिजन न मिळाल्यामुळे, आणि ऑक्सिजन तू तुझ्या तोंडाने देऊ शकतोस, हे लोकांना माहीतच नाही.

कसं ओळखायचं? हाक मारून, खांदा हलवून उठत नाही. श्वास 5 सेकंदांत एकसुद्धा पडत नाही, किंवा पडतोय पण अडकत. ओठ आणि नखं निळी होतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या रंगावर ते निळं दिसत नाही, राखाडी, राखेसारखं दिसतं, ओठाच्या आतली बाजू आणि हिरड्या बघ. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. यातलं सगळं एकत्र दिसायची वाट बघू नकोस, उठत नाही आणि श्वास नीट नाही एवढं पुरे.

मग 911, फोन स्पीकरवर जमिनीवर ठेव, म्हणजे हात मोकळे राहतात आणि पलीकडचा माणूस सांगत राहतो. उताणा झोपव, तोंडात काही असेल तर काढ, कपाळ मागे आणि हनुवटी वर, नाक चिमटीत धर, आणि दर 5 सेकंदांनी एक फुंकर, छाती वर आलेली दिसली पाहिजे. एक दोन तीन चार, फुंकर. किटमध्ये एकतर्फी व्हॉल्व्हचा मास्क असतो तो वापर. नाडीच लागत नसेल, माणूस पार गेल्यासारखा वाटत असेल तर छाती दाबायला लाग, 911 वाला मोजून देतो. आपल्याकडे फिट आली की कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, बेशुद्धाच्या तोंडात लिंबूपाणी ओततात, थंड पाण्याखाली धरतात. यातलं काही करू नकोस, पाणी फुप्फुसात जातं आणि वेळ जातो तो वेगळाच. आणि हात लावल्याने तुला फेंटानिल चढणार नाही, ती भीती पसरलीय पण कातडीवरून असं होत नाही, बिनधास्त हात लाव.

नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध. त्याची किट बीसीत फुकट मिळते, बऱ्याच फार्मसीत, आयडी लागत नाही, नाव सांगायची गरज नाही, "मी ओव्हरडोस बघू शकेन असा माणूस आहे" एवढं कारण पुरतं. 2016 पासून याला प्रिस्क्रिप्शन लागत नाही. काळी झिपची पाऊच असते, त्यावर क्रॉस. इंजेक्शनवाली असेल तर आत तीन अ‍ॅम्प्यूल (औषधाच्या काचेच्या छोट्या कुप्या), तीन सिरिंज, अ‍ॅम्प्यूल फोडायच्या टोप्या, ग्लोव्हज आणि तो मास्क. काही ठिकाणी नाकात मारायचा स्प्रे मिळतो. सुई मांडीच्या बाहेरच्या भागात, जीन्सवरून चालते, 90 अंशात सरळ, आणि प्लंजर शेवटपर्यंत दाबलास की क्लिक होऊन सुई आपोआप परत सिरिंजमध्ये ओढली जाते, मुलं त्या क्लिकला दचकून हात सोडतात म्हणून आधीच सांगते. एक दिल्यावर फुंकरी चालू ठेव, 3 ते 5 मिनिटं, श्वास आला नाही तर दुसरं. घाईघाईने तिन्ही एकदम देऊ नकोस. चुकून दिलं, म्हणजे माणसाला ओपिऑइड झालेलंच नव्हतं, तरी अपाय होत नाही.

इथे एक नवीन गोष्ट आहे जी दोन वर्षांपूर्वी मी इतकी जोर देऊन सांगत नव्हते. इथल्या फेंटानिलमध्ये बेन्झो, म्हणजे झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांच्या जातीचं औषध, मिसळलेलं असतं, आणि 2025 मध्ये मेडेटोमिडीन नावाचं जनावरांना गुंगी द्यायचं औषध फार दिसायला लागलं. नॅलॉक्सोन या दोन्हींवर चालत नाही. म्हणजे काय होतं, तू इंजेक्शन देतोस, श्वास परत येतो, ओठांचा रंग परत येतो, पण माणूस डोळे उघडत नाही, तासन् तास उघडत नाही. मग घाबरून लोक दुसरं देतात, तिसरं देतात, हलवतात, थोबाडीत मारतात. तू जागं करायला बसलेलाच नाहीस, श्वास आणायला बसलायस. श्वास नियमित पडतोय, रंग बरा आहे, तर कुशीवर झोपव, वरचा गुडघा पुढे घे म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही, आणि शेजारी बस. उठून जाऊ नकोस, कारण नॅलॉक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत उतरतो आणि फेंटानिल त्याच्यापेक्षा जास्त वेळ राहू शकतं. उठला आणि म्हणाला मी ठीक आहे, अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठव, तरी पाठवायची नाही.

कोकचा स्वतःचाही ओव्हरडोस असतो, तो दिसायला उलटा, माणूस तापलेला, छातीत दुखतंय, घामाघूम, भलतंसलतं बोलतोय, फिट. तिथे नॅलॉक्सोनचा उपयोग नाही, 911 आणि थंड जागा. वय 23 असलं तरी छातीत दुखतंय तर दुखतंय.

म्हणजे इथपर्यंत तीन गोष्टी झाल्या, एकटं नाही, श्वास, किट. आता तुझ्या व्हिसाच्या प्रश्नाकडे येते.

कॅनडात 4 मे 2017 पासून गुड समॅरिटन ड्रग ओव्हरडोस अ‍ॅक्ट आहे. ओव्हरडोससाठी मदत बोलावली तर बोलावणाऱ्यावर, ज्याला झालंय त्याच्यावर आणि तिथे हजर असलेल्यांवर साध्या पझेशनचा, म्हणजे स्वतःपुरता माल जवळ असल्याचा गुन्हा लावता येत नाही. विक्रीला हे संरक्षण नाही, जुन्या वॉरंटला नाही. 911 वाला पत्ता विचारतो आणि श्वास चालू आहे का विचारतो, तो स्टडी परमिट विचारत नाही. तू फोनवर "माझा मित्र उठत नाहीये, श्वास घेत नाहीये" एवढंच म्हणालास तरी चालतं, अ‍ॅम्ब्युलन्स तेवढ्यावर येते. मी वकील नाही, त्यामुळे कुणावर आधीची केस असेल किंवा इमिग्रेशनचं काही अडकलेलं असेल तर लीगल एडला आज, दिवसा, शांतपणे विचारून ठेवा, रात्री दोन वाजता गुगल करत बसू नका.

आणि खरं सांगू, मुलं पोलिसांपेक्षा बिलाला जास्त घाबरतात, हे कुणी बोलून दाखवत नाही. एमएसपी, म्हणजे बीसीचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल 80 डॉलर येतं, नसेल तर 848. स्टुडंट इन्शुरन्स बऱ्याचदा हे भरतो, पॉलिसी काढून बघा. नवीन आलेल्यांना एमएसपी सुरू व्हायला पहिला महिना संपून वर दोन महिने जातात, तेवढ्या काळात इन्शुरन्स आहे की नाही हे चौघांचंही तपासा. 848 डॉलर चौघांत वाटले तर 212 होतात, मी हा भागाकार एका मुलाला काउंटरवर कागदावर करून दाखवला होता.

आता स्ट्रिप. ठेव, जरूर ठेव, फुकटही मिळतात. पण वाचायची कशी ते नीट बघ, कारण कोविडच्या किटच्या उलट असते, एक रेघ म्हणजे फेंटानिल आहे, दोन रेघा म्हणजे सापडलं नाही. पहिल्यांदा करणारे हमखास इथे चुकतात. पावडर पाण्यात विरघळवून मग स्ट्रिप बुडवायची, एमडीएमए किंवा मेथ ही दुसरी ड्रग्ज असतील तर पाणी जास्त घ्यावं लागतं, नाहीतर नसतानाही एक रेघ येते. आणि तू टोकावरचे चार कण तपासलेस तर फक्त त्या चार कणांचं उत्तर मिळतं, तोच चिवडा. सगळं विरघळवून तपासलं तर जास्त खात्री, पण बहुतेकांना ते नको असतं. स्ट्रिप किती आहे ते सांगत नाही, आणि नायटाझीन नावाची वेगळीच जोरदार ओपिऑइड तिला दिसतच नाहीत.

त्यापेक्षा ड्रग चेकिंगच्या जागा बऱ्या, व्हँकुव्हरमध्ये आणि इतर शहरांतही आहेत, तिथे इन्फ्रारेड मशीन आणि स्ट्रिप दोन्ही लावतात. दोन्ही का, तर मशीनला साधारण 5 टक्क्यांपेक्षा कमी असलेलं सहसा दिसत नाही आणि फेंटानिल त्याहून कमी असूनही मारू शकतं, ते स्ट्रिप पकडते, आणि बाकी मसाला काय आहे ते मशीन सांगतं. फुकट आहे, नाव विचारत नाहीत. तुझ्या रूममेटला तिथे एकदा नेलंस तर माझ्या या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त फरक पडेल, कारण समोर बसलेला माणूस उपदेश न करता त्याच्याशी बोलतो, आणि बऱ्याच मुलांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं बोललेलं असतं.

तुझा रूममेट वीकेंडवाला आहे म्हणून एक गोष्ट त्याला लागू नाही पण त्याच्या पार्टीतल्या दुसऱ्या कुणाला लागू असेल. जो ओपिऑइड रोज घेतो तो दोन महिने भारतात जाऊन आला, डिटॉक्समधून आला, हॉस्पिटलमधून आला, की शरीराची सवय उतरलेली असते आणि डोक्याला मात्र जुनाच डोस आठवतो. परत आल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे. अशा कुणाला थांबायचंच असेल तर एकट्याने गादीवर पडून सोसण्यापेक्षा सबोक्सोन किंवा मेथाडोनची ट्रीटमेंट घ्यावी, एमएसपी असेल तर इथे त्याचे पैसे पडत नाहीत, आणि 811 या सरकारी आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करून कुठे जायचं ते विचारता येतं, दुभाषाही मिळतो.

राहिला साताऱ्याचा प्रश्न. हे परिस्थितीवर आहे आणि मी तुझ्या जागी नाही. पण माझ्या अनुभवातून सांगते, आत्ता त्याच्या पाठीमागे फोन करू नकोस. आईबाबा तिथून काय करणार, रडतील, पैसे बंद करतील, तिकीट काढून परत ये म्हणतील, आणि तो तुमच्यापासून लपवायला लागेल, म्हणजे दार परत आतून बंद. ज्या घरात मुलगा मित्रांना सांगून घेतो ते घर आत्ता त्याच्यासाठी सगळ्यात सुरक्षित जागा आहे, ती घालवू नकोस. उलट त्यालाच विचार, काही झालं तर घरी कुणाला फोन करायचा, आई, मामा, दादा, कोण. नंबर लिहून घे. बहुतेक जण बहिणीचा देतात. तो ज्याचं नाव घेईल तो माणूस त्याला खरा विश्वासाचा वाटतो, आणि प्रकरण महिन्यातून दोनदाऐवजी आठवड्यातून चारदा व्हायला लागलं, फी थकली, कामावर जाणं सुटलं, तर त्याच माणसाशी बोल, आणि त्याला सांगून बोल.

किट आणलीस की गाडीत ठेवू नकोस, हिवाळ्यात औषध गोठतं आणि उन्हाळ्यात भाजतं. कुणाच्या कपाटातही नको. फ्रिजच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आणलेल्या संध्याकाळी चौघांनी बसून उघडून बघा, एकाने जमिनीवर झोपायचं, दुसऱ्याने हनुवटी वर करून दाखवायची. अ‍ॅम्प्यूलवरची एक्स्पायरी बघून फोनमध्ये रिमाइंडर लाव. वापरली किंवा तारीख उलटली तर फार्मसीत ये, नवीन मिळते, का संपली ते कुणी विचारत नाही.